पाहुणीसारखी ये

मालिंदी, झांजिबार
९ नोव्हेंबर

रिझिकी,

सलाम. आई शेजारी बसली आहे आणि 'लिहिलंस का, लिहिलंस का' करून माझं डोकं खाते आहे, म्हणून लिहिते. माझ्या मनाने लिहायला घेतलेलं नाही, एवढं आधीच सांगून ठेवते.

फोन का केला नाही म्हणशील. फोनवर तुझा आवाज आला की माझा ताबा सुटतो. मग मी नको ते बोलते, तू फोन आपटतेस आणि आई दोन दोन दिवस तोंड फिरवून बसते. कागदाचं बरं असतं, तुला मध्येच उठून जाता येत नाही. पत्ता डर्बनहून आलेल्या त्या शिंप्याने दिला. तू तिकडे चांगली जाडजूड झाली आहेस आणि केस सरळ करून घेतलेस, असंही त्याने सांगितलं. आईने तेच चार वेळा विचारून घेतलं.

आईला आता दिसत नाही म्हटलं तरी चालेल. उजेड कुठे, अंधार कुठे, एवढंच कळतं. कान मात्र मांजराचे. गल्लीत कोण चाललंय ते पावलांवरून सांगते. भात मऊ करून द्यावा लागतो, आंघोळ मी घालते, आणि मी कामावर गेले की पलीकडची बी फुंडी येऊन दोनदा डोकावून जाते. तुला हे माहीत असावं म्हणून लिहिलं. तक्रार नाही.

बाबांची बोट मीच चालवते. म्हणजे चालवतो शामे, मी तोंड चालवते. जहाजावरच्या पाहुण्यांना फाटकावर गाठायचं, चांगू बेटावर न्यायचं, कासवं दाखवायची, पाण्यात डुंबवायचं, वाळूच्या दांड्यावर फळं कापून घालायची आणि परत आणून सोडायचं. शामे म्हातारा झालाय, पण वारा त्याला अजून विचारून वाहतो. बोटीचं नाव 'सुबिरा'च आहे. सबुरी म्हणे. बोटीला असेल, मला राहिलेली नाही.

आता आईचं म्हणणं. आई म्हणते, 'ये म्हणून लिही.' लिहिलं. ये.

आता माझं म्हणणं. एका मोसमाची नोकरी म्हणून गेलीस ती तिकडचीच झालीस. निघताना बाबांना शिकामूचा नमस्कारही न करता पायरी उतरलीस. लग्न केलंस ते आम्हाला लोकांकडून कळलं. बाबा आजारी पडले तेव्हा मी निरोप धाडला, तर तुला वाटलं, बोलवायचं निमित्त आहे. निमित्त नव्हतं. आपल्याकडे मयत थांबवून ठेवत नाहीत, हेही तू विसरलीस. तेव्हा यायचंच असेल, तर पाहुणीसारखी ये. इथे जहाज भरभरून पाहुणे येतात, त्यात एकीचं ओझं होत नाही. सकाळी उतरायचं, कासवं बघायची, फळं खायची आणि भोंगा वाजला की चालू पडायचं. बाबा म्हणायचे ना, पाहुणा दोन दिवस, तिसऱ्या दिवशी त्याच्या हातात कुदळ द्यावी. तू तिसऱ्या दिवसापर्यंत टिकणारी नव्हेस, म्हणून एकाच दिवसाचं बोलते.

आईला शेवटचं वाचून दाखवलेलं नाही.

मिझे


मालिंदी
५ फेब्रुवारी

रिझिकी,

तुझं उत्तर नाही. आई रोज विचारते. मी रोज सांगते, टपाल कासवाच्या पाठीवरून येतं. आज ती हट्टालाच पेटली, पुन्हा लिही म्हणाली. अंग मोडून आलंय, पण लिहिते, कारण लिहिल्याशिवाय ती मला झोपू देणार नाही.

आज मोठं जहाज लागलं होतं. पहाटे खिडकी उघडली तर समुद्राच्या जागी पांढरी भिंत. मोठं जहाज आलं की बंदराच्या फाटकावर आमची नुसती रेटारेटी. प्रत्येकाच्या तोंडी एकच, जांबो, जांबो! तुला आठवत असेल, आपण आपसात कधी जांबो म्हणतो का? बी फुंडीला जांबो म्हटलं तर ती माझ्या कपाळाला हात लावून बघेल. पण पाहुण्यांना तेच लागतं. त्यांच्या टोपीवर तेच, सदऱ्यावर तेच, आणि पाठीमागे 'पोले पोले', म्हणजे हळूहळू चला, आम्हाला कसली घाई नाही. घाई नसलेली माणसं मी अजून पाहिली नाहीत. दुपारच्या आत अख्खं झांजिबार त्यांना गिळायचं असतं.

जहाजावर म्हणे आता आमच्या भाषेचे वर्गही घेतात. आज माझ्या गटातल्या एकीने मला चक्क शिकामू म्हटलं! मोठी टोपी, काळा चष्मा, विजार, छातीवर नंबराची चिकटपट्टी. बरोबर तिच्यासारख्याच तीन-चार जणी, सगळ्या हसतखिदळत. मला हसू आलं आणि थोडा रागही. धाकट्याने शिकामू म्हणायचं आणि थोरल्याने मरहबा म्हणून ते झेलायचं, ही काय जत्रेतली शिट्टी आहे का, कुणीही उचलून फुंकायला? मी नेहमीचंच ठोकून दिलं, 'जांबो! जांबो! झांजिबारात स्वागत!' आणि पुढच्याकडे वळले. चेहरे बघायला मला वेळ नसतो. मी डोकी मोजते. जेवढी नेली तेवढी परत आणली की माझं काम झालं.

बोटीत चढवताना रोजचीच कसरत. गुडघाभर पाण्यात उभं राहून एकेकाला हात द्यायचा. एका गृहस्थाचा चष्मा पडला, तो शामेने बुडी मारून काढला, तर ते म्हणाले याला वाळू लागली आहे. एका जोडप्याचं जहाजावरच भांडण झालेलं, दोघं दोन टोकांना बसली आणि बोट एका अंगाला कलली. शामे मला म्हणाला, "त्यांना सांग, एकमेकांजवळ बसा नाहीतर कुणीतरी दुसऱ्यावर प्रेम करा, पण वजन मध्ये आणा."

कास्काझी वारा चांगला होता. चांगूवर कैदखाना दाखवला. इथे कैदी कधी ठेवलेच नाहीत, पीतज्वराची शंका असलेल्या लोकांना ठेवत, असं सांगितलं की सगळ्यांची तोंडं उतरतात. कैदी हवे असतात त्यांना. मग कासवं. पाठीवर निळ्या रंगाने वयं लिहिली आहेत, तरी प्रत्येक जण विचारतो, याचं वय किती. टोपीवालीने वय विचारलं नाही. सगळ्यात म्हाताऱ्या कासवाच्या गळ्याखाली ती बोटांनी खाजवत राहिली आणि कासव चारही पायांवर उंच उभं राहिलं. मला वाटलं, हेही वर्गात शिकवलं असेल.

डुंबायला सगळे उतरले, ती नाही उतरली. शामेजवळ डोलकाठीला टेकून बसून राहिली. मग दांड्यावर गेलो. 'माझं तुझ्यावर प्रेम आहे' असं नाव त्या वाळूच्या दांड्याला. भरती आली की दिवसातून दोनदा बुडतं ते प्रेम. पाहुण्यांना हे नाव सांगितलं की सगळे एकमेकांचे फोटो काढतात.

फळं कापायला बसले. फणस बघून बाकीच्यांनी नाकं मुरडली. टोपीवाली पुढे येऊन बसली आणि आधी बोटांना लावायला तेल मागितलं. म्हटलं, बाई वाचून आलेली दिसते. मग खाता खाता इंग्रजीत चौकशा सुरू झाल्या.

"तुमच्या घरी कोण कोण आहे?"

"आई."

"भाऊ, बहीण?"

"कुणी नाही. मी एकटीच."

लपवून कशाला ठेवू, मी सगळ्या पाहुण्यांना हेच सांगते. बहीण आहे म्हटलं की कुठे असते, काय करते, येते का, हे सगळं चऱ्हाट लागतं. माझ्याने ते दर जहाजाला वळवत नाही. तुला राग आला तर येऊ दे.

तिने बोटांना आणखी थोडं तेल लावलं. मग म्हणाली, "म्हणजे आईचं सगळं तुम्हीच करता. दमत असाल."

"इथे कुणी दमत नाही, बाई. पोले पोले!" मी म्हटलं, आणि सगळे हसले. या वाक्याला नेहमी हसतात. ती हसली नाही.

परत आलो तेव्हा भरती लागली होती. उतरवताना तिने माझा हात जरा जास्तच वेळ धरला आणि म्हणाली, "पोले." मी म्हटलं, "हो हो, पोले पोले, जपून उतरा," आणि पुढच्या म्हाताऱ्याला हात दिला. त्या जशा आल्या तशा गेल्या. मी बोट धुतली, दोर बांधले, दिवेलागणीला घरी आले.

घरी आणखी एक तऱ्हा. आईसाठी ऊन भात केला तर म्हणे भूक नाही, जेवलेय. काय जेवलीस, तर म्हणे दिलं कुणीतरी. जीभ बघितली तर लालभडक. गोरखचिंचेच्या रंगवलेल्या बिया चोखल्या होत्या पोरासारख्या! या वयात, दात नसताना! बी फुंडीला विचारणार आहे. चादरीवर जहाजाच्या नंबराची एक चिकटपट्टी चिकटलेली होती, ती माझ्याच कपड्यांवरून आली असणार. दिवसभर त्यांच्यात राहून मीही त्यांच्यासारखी नंबराची झाले आहे.

आई आज चार महिन्यांत पहिल्यांदा गुणगुणत झोपली. म्हातारपणी माणसाचं काय सांगावं.

सकाळी पोस्टात टाकते.

मिझे


६ फेब्रुवारी

कालचं पत्र टाकलं नाही.

सकाळी शामे आणि मी बोटीतलं पाणी उपसत होतो. डब्याची कड फाटली आहे, तिने माझा तळवा कापला. फार नाही. शामे न बघताच म्हणाला, "पोले."

मी डबा हातात घेऊन तशीच उभी राहिले. ठेच लागली, पोले. माणूस गेलं, पोले. डोक्यावर ओझं घेऊन बाई समोरून आली, पोले. एकदाच म्हणतो आपण. पाहुणे दोनदा म्हणतात, कारण त्यांना दोनदाचंच शिकवलेलं असतं. एकदाचं कुणी शिकवत नाही. ते कुठल्या सदऱ्यावर छापलेलं नसतं. ते कामाने मोडलेल्या माणसाला घरचं माणूस म्हणतं.

तू एकदाच म्हणालीस.

"शामे," मी म्हटलं, "ती कालची टोपीवाली."

"हं."

"तुझ्याशी काय बोलली?"

"काही नाही. मी डुंबायला जा म्हटलं, नको म्हणाली."

"कुठल्या भाषेत?"

त्याने विचार केला. "मी आपल्याच भाषेत म्हटलं होतं," तो म्हणाला, आणि मग त्याचाही हात थांबला.

मी ओल्या कपड्यानिशी धक्क्यावर धावत गेले. फाटकावरचा पहारेकरी म्हणाला, बी मिझे, आज जहाज नाही, आज सुट्टी करा. पांढऱ्या भिंतीच्या जागी नुसतं पाणी. मी तुझा नंबर लावला, बंद. परत लावला, बंद.

रिझिकी, मी तुझा हात हातात धरला होता. दोनदा. चढताना आणि उतरताना. फणसासाठी तुझ्या बोटांवर तेल मी ओतलं. तू शिकामू म्हणालीस आणि मी तुला जांबो म्हटलं. तू तोंडावर विचारलंस, बहीण आहे का, आणि मी तोंडावर नाही म्हटलं. वर इथे पत्रात 'राग आला तर येऊ दे' असं लिहून ठेवलं, ते कापावं की राहू द्यावं तेही कळत नाही.

पाहुणीसारखी ये, असं मीच लिहिलं होतं. जिभेला हाड नसतं म्हणतात, माझ्या तर लेखणीलाही नाही. तुला लहानपणी काही सांगितलं की तू उलटं करायचीस. नेमकं हेच एक शब्दाला शब्द पाळलंस. सकाळी उतरलीस, कासवं बघितलीस, फळं खाल्लीस, भोंगा वाजला तशी गेलीस.

मी तुझ्यावर रागावले आहे. इतकी वर्षं रागावण्याची सवय आहे म्हणून पुन्हा रागावले आहे. चष्मा काढता आला नसता का? एकदा 'ताई' म्हणता आलं नसतं? पण तू ताई म्हणाली असतीस आणि मी वळून जांबो म्हटलं असतं तर? माझा भरवसा मलाच नाही. दमलं की माणूस आंधळं होतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आई तरी डोळ्यांनी आंधळी आहे.

आईला कसं सांगू? पोर गावाच्या वेशीपर्यंत आली आणि मी तिला बेट दाखवून परत लावून दिलं, हे त्या म्हातारीला कुठल्या तोंडाने सांगू? आज मी तिला भात भरवताना बोलले नाही. तिनेही काही विचारलं नाही.


९ फेब्रुवारी

रिझिकी,

सांगितलं एकदाचं. ऐक काय झालं ते. खरं तर तुला माहीतच आहे, पण मला ते कसं लागलं ते तुला माहीत नाही.

आज आईला आंघोळ घालत होते. पाठ चोळता चोळता म्हटलं, "आई, मंगळवारच्या जहाजावर रिझिकी होती."

आई म्हणाली, "पाणी जरा ऊन घाल."

"आई, मी काय म्हणतेय? रिझिकी आली होती. मी ओळखलं नाही तिला."

"ओळखलं नाहीस, ते कळलं मला. केस वाळव नीट, सर्दी होते."

माझ्या हातातलं भांडं खाली पडलं. "तुला कुणी सांगितलं?"

"तिनेच. दुपारी दारातून 'होडी' अशी हाक देऊन आत येऊ का विचारलं. मी म्हटलं, 'करीबू, आत ये.' आवाज फिरंग्यांसारखा झालाय, पण पाऊल तेच. डावा पाय जरा घासते अजून. शिकामू म्हणाली. मी मरहबा म्हटलं. मग माझ्या शेजारी येऊन आडवी झाली ती भोंगा वाजेपर्यंत उठली नाही. गोरखचिंच घेऊन आली होती. लहानपणी चोरून खायची ना, आता विकत आणते."

म्हणजे ती चिकटपट्टी तुझ्या छातीवरची. आणि मी ती चुरगाळून चुलीत टाकली.

"आणि चार दिवस तू मला बोलली नाहीस?" मी ओरडलेच. बी फुंडी भिंतीपलीकडून खाकरली.

"ती म्हणाली, ताईला आपलं आपण कळू दे. म्हटलं, बरं. मी तुमच्या दोघींच्या मध्ये पडून पडून थकले, मिझे. तू एकटीच थकतेस असं तुला वाटतं."

मी पंचा घेतला आणि तिचं डोकं पुसायला लागले.

मी विचारलं, "माझ्याबद्दल काय म्हणाली?"

"रडली. म्हणाली, ताईला विचारलं बहीण आहे का, तर नाही म्हणाली. मी म्हटलं, अगं, पाहुण्यांना कोण खरं सांगतं? पाहुण्यांना ती सांगते इथे कुणी दमत नाही. ते खरं आहे का?"

मी तिचे केस पुसत राहिले. तिच्या डोक्यावर आता मूठभर केस आहेत.

"ती परत येईल?"

"जहाज मोंबासाला, मग आणखी कुठल्या बेटांना जाऊन परत इथेच लागणार आहे म्हणाली. मी म्हटलं, तेव्हा ये. तर म्हणाली, येईन. पण ताई पुन्हा जांबो म्हणाली तर बोटीत बसेन, कासवं बघेन आणि जाईन. मग पुन्हा यायची नाही." आई थांबली. "ती तुझीच बहीण, मिझे. म्हणाली तसं करेल."

करशील. मला माहीत आहे. एकदा केलंस.

ही पत्रं आता कुठे धाडू? तू तर समुद्रात आहेस. बंदरात विचारून आले, जहाज सतरा तारखेला पहाटे लागेल. आजपासून मी फाटकावर डोकी मोजणं सोडणार आहे. शामेला सांगितलं, त्या दिवशी पाहुणे घ्यायचे नाहीत. तो म्हणाला, "मोसम आहे." मी म्हटलं, "असू दे." तो म्हणाला, "मग मी बोट रंगवतो."

मला भीती वाटते आहे, रिझू. तू समोर येशील आणि माझ्या तोंडाला लागलेली सवय तुला पुन्हा जांबो म्हणेल, याची. हसू नकोस.


घरीच
१९ फेब्रुवारी, उजाडताना

रिझिकी,

हे शेवटचं पत्र. पोस्टात टाकायचं नाही, तुझ्या उशाशी ठेवायचं आहे. तू माझ्या खाटेवर आडवीतिडवी पसरून घोरते आहेस, आणि मी जमिनीवर. आई म्हणाली, तुमच्या दोघींचं घोरणं ऐकत जागी आहे. मी घोरत नाही.

फाटकावर काय झालं ते तू परवा आईला आणि बी फुंडीला उलटंसुलटं रंगवून सांगितलंस, म्हणून मी खरं लिहून ठेवते. मी रडले नव्हते. कास्काझीत धूळ असते.

मी फाटकाशी एकटी उभी होते. प्रत्येक उतरणाऱ्या बाईच्या तोंडाकडे इतकी टक लावून बघत होते की एका बाईने मला पारपत्र काढून दाखवलं. बाजूचे सगळे जांबो जांबो करत होते, मी ओठ मिटून धरले होते. मग टोपी दिसली. चष्माही तोच. तू मुद्दाम घालून आलीस, बदमाश. समोर आलीस आणि थांबलीस.

माझ्या तोंडाशी 'जां' आला होता. अगदी दातांपर्यंत. तो मी कसा गिळला ते माझं मला माहीत. आणि थोरल्या बहिणीने करू नये ते केलं, आधी बोलले. तू शिकामू म्हणायच्या आत मी म्हटलं, "मरहबा."

तू म्हणालीस, "मी अजून काही म्हटलंच नाही, ताई."

मी म्हटलं, "मागच्या खेपेचं राहिलं होतं."

एवढंच झालं. बाकीचं, म्हणजे तू रस्त्यात बसकण मारलीस, पहारेकऱ्याने पाणी आणलं, तुझ्या मैत्रिणींनी फोटो काढले, ते सगळं तुझ्यामुळे झालं. माझा त्यात हात नाही.

संध्याकाळी भोंगा वाजला आणि तू उठली नाहीस. आई गोरखचिंच चोखायची थांबली, बी फुंडी भिंतीपलीकडे थांबली. दुसऱ्यांदा वाजला तेव्हा तू म्हणालीस, "किती बोंबलतंय," आणि पाय पोटाशी घेऊन वळलीस. मग तुझा नवरा फोनवर बराच वेळ बोंबलला. माणूस बरा वाटला आवाजावरून. पावसाच्या आधी विमानाने जाईन म्हणालीस त्याला. मी मध्ये बोलले नाही, हे लक्षात ठेव.

काल आपण बाबांवरून भांडलो ते बरं झालं. तू म्हणालीस, निरोपावर विश्वास ठेवला नाही, याची रोज शिक्षा भोगते. मी म्हटलं, भोग. मग तू म्हणालीस, तूही फोनवर शिव्या घालण्याऐवजी एकदा नुसतं 'पोले' म्हणाली असतीस तर मी त्याच दिवशी आले असते. मी उठून आईचा भात बघायला गेले.  तेव्हा आता म्हणते, इतक्या उशिरा, कागदावर. पोले, रिझू. एकदाच.

तर. परवा पहिला दिवस, काल दुसरा. दोन्ही दिवस तुला फणस, मासे, नारळातला भात, सगळं बसल्या जागी मिळालं. बाबांचं म्हणणं तुला ठाऊक आहे.

आज तिसरा दिवस. एक छोटं जहाज लागतंय, शामे वाट बघत असेल. बोटीतलं पाणी उपसायचं आहे. डब्याची कड फाटकी आहे, जपून. आईला सकाळी मऊ भात लागतो, तो चुलीवर ठेवून जा. फाटकावर तुला वाटेल ते म्हण, मात्र डोकी मोज.

मला उठवू नकोस. मी आज उठणार नाही.

ताई